सुकीसाठी बदललेली ओळ

६ एप्रिल ९५, गुरुवार, पेण
रोह्याचं साप्ताहिक आलं. जेवणानंतर नेहमीसारखं कारखान्यात मोठ्याने वाचलं. बाकीच्यांचे हात मातीत. गणपतीचे डोळे आखणारा मीच तेवढा कोरडा. विनोदी सदर मतदार कार्डांच्या फोटोंवर. त्यात एक ओळ: 'कातकऱ्यांच्या कार्डावर नुसते दात उठले.' समोर सुकी माती मळतेय. कातकरीणच ती. सुचलं ते वाचलं, 'कातकरी बायका सगळ्यांच्या आधी रांगेत उभ्या होत्या.' सुकी खूश. म्हणाली, मी पयलीच व्हते. वेळ मारून नेली.

१० एप्रिल
रोह्यात गोंधळ. त्या ओळीवरून आदिवासी संघटनेच्या लोकांनी साप्ताहिकाच्या ऑफिससमोर अंक जाळले. संपादक म्हणे, विनोद आहे, विनोद म्हणून घ्या. आमचे मालकही तेच म्हणाले, वर हेही: आम्हा आगऱ्यांनाही लोक काय कमी बोलतात? आपण सोडून देतो. देतो का पण? मागे आगरी बोलीला हसलेल्या पुण्याच्या एका गिऱ्हाइकाशी मी भांडलोच होतो.
सुकी आज आली नाही.

१२ एप्रिल
सुकी आली, पण कामाला नाही. गडब गावाजवळच्या तिच्या वाडीत तिने छातीठोकपणे सांगितलेलं, पेपरात वाईट काही नाही, आपलं कौतुकच हाय, मी या कानांनी ऐकलं. आता वाडी म्हणते, ही पेपरवाल्यांना फितूर. रोह्याला मोर्चा निघाला, त्याच्या टेम्पोत तिला घेतली नाही. सख्खा भाऊ बोलत नाही.
"तुमी वाचलंत त्यात तर तसं नव्हतं. मंग मी खोटी काय?"
सांगून टाकलं. ओळ मी बदलली, तुला वाईट वाटेल म्हणून.
मला वाटलं भांडेल. ती एवढंच म्हणाली, "वाईट मला वाटलं असतं ना. तुमी कशाला मधी पडलात?"
करायला गेलो गणपती, झाला मारुती. चांगलं केलं की वाईट, खरंच कळत नाही. त्या संपादकाचा राग येतो, आणि थोडा सुकीचाही. तिचा का, ते माहीत नाही.

१६ एप्रिल, रविवार
वाडीवर जाऊन आलो. सुकीचाच निरोप होता, सगळ्यांसमोर हाय तसं वाचा. वाचलं. मी काय बदललं होतं, तेही सांगितलं. भाऊ उठून तिच्याजवळ जाऊन बसला. बरं वाटलं. माझ्याशी कोणी काही बोललं नाही. चहा मात्र दिला.
निघताना सुकी रस्त्यापर्यंत आली.
"पयल्यांदी ती ओळ बघितलीत, तवा तुमाला काय वाटलं?"
"राग आला," म्हणालो.
ती माझ्याकडे बघत राहिली. उद्या कामाला येशील ना, विचारलं. ती वाडीकडे वळली.
राग कुठला? हसू आलं होतं. ते दाबायला खोकलो, मग ओळ बदलून वाचली. आणि ती समोरच बसली होती, माझ्याकडे बघत.