कासव आणि टाचणी

४ मार्च
आईला पुन्हा समजावलं. "फुकट करून देतात, वर कसं केलं तेही दाखवतात? मग खातात काय?" मी म्हटलं, ओपन सोर्स म्हणजे तेच – कॉम्प्युटरचा प्रोग्राम सगळा उघडा, कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. बाबा मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "कपडा उलटा करून शिवण दाखवायची. त्याला छाती लागते." चला, एकाला तरी कळलं.
आईला माझा प्रबंध एका वाक्यात हवा असतो, शेजारी सांगायला. वाक्य असं: दुसऱ्याने तपासलेल्या कामात चुका कमी राहतात. "हे शोधायला दोन वर्षं?" बाबा शिवतात, ती तपासते आणि पसंत नसेल ते सरळ उसवते. तिला पुरावा नकोच आहे.

७ मार्च
माझी लाडकी जोडी – कासव आणि टाचणी. ही नेटवरची टोपणनावं. वाचनालयात पुस्तक शोधून देणारा एक छोटा प्रोग्राम हे दोघं सांभाळतात. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने मान्य केल्याशिवाय पुढे जात नाही. इतक्या वर्षांत वापरणाऱ्यांच्या तक्रारी जवळजवळ शून्य! कासव लिहितो, टाचणी टोचते. "इथे घाई झालीय." "तुमचं बरोबर, बदलतो." इतक्या अदबीने भांडणारी माणसं आमच्या विभागात नाहीत.
माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, प्रबंधाचं तिसरं प्रकरण यांच्यावरच उभं कर, पुढच्या महिन्यात सादर कर. त्यांच्या मते त्या दोघांचं नक्की काहीतरी आहे. हे आईला सांगायला नको होतं.

८ मार्च
आई: "जमलं का त्यांचं?"

१५ मार्च
दोघांना मुलाखत मागितली होती. कासवाचं उत्तर लगेच आलं – हो. टाचणीचं जरा वेळाने – हो, पण कासव असेल तेव्हा जमणार नाही.
"बिनसलंय," आई म्हणाली. "तू मध्ये पड."

२१ मार्च
पार बोजवारा.
कासव म्हणून पडद्यावर एक टक्कल पडलेले दातांचे डॉक्टर आले. मागे ती आडवी होणारी खुर्ची. दोन पेशंटांच्या मध्ये प्रोग्राम लिहितात. छान बोलले. शेवटी मी विचारलं, टाचणीबाईंशी कधी बोलता येईल? मग त्यांनी चष्मा काढला, खणातला दुसरा लावला आणि म्हणाले, "बोला."
मला हसू आलं. त्यांना नाही आलं.
सुरुवातीला पाच जण होते. तपासणीचा नियम सगळ्यांनी मिळून केला. मग एकाला मोठी नोकरी लागली, एकीला जुळं झालं, दोघं एकमेकांशी भांडून गेले. उरले हे. "नियम मोडवेना हो. आणि दुसरा माणूस कुठून आणू?" म्हणून दुसरं खातं काढलं. लिहून झालं की दोन दिवस थांबायचं, चष्मा बदलायचा, परक्याचं म्हणून वाचायचं. एकदा टाचणीचं बोलणं इतकं लागलं की त्यांनी आठवडाभर प्रोग्राम उघडला नाही.
"तुमचं काही नुकसान नाही ना होणार?"
"नाही," मी म्हटलं. खोटं.

२२ मार्च
आई: "म्हणजे लग्न मोडलं." बाबा: "मी शिवलेलं मीच तपासलं असतं, तर दुकान कधीच बसलं असतं."
सारखं मनात येतंय – कोणाला कळणार आहे? घरातली पहिली पदवी माझी. बाबांनी ती मशीनच्या वर लावलीय, मापं देताना गिऱ्हाईकाला दिसेलच अशी. शेजारी दुसरी चौकट टांगून तयार आहे. रिकामी. गिऱ्हाईकं विचारतात, यात काय? बाबा सांगतात, "येतंय."

२४ मार्च
मॅडमना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, माणूस एक आणि तक्रार नाही. म्हणजे तुझं म्हणणंच आडवं झालं की!" तिसरं प्रकरण बाद. सादरीकरण पुढच्या सत्रात. मी दाराशी पोचले तर म्हणतात, "त्यांच्या चष्म्यांचे नंबर तरी विचारलेस का?"
घरी कसं सांगू? सांगितलं. बाबा म्हणाले, "उसवलंस ते बरं केलंस." मग बराच वेळ मशीन चालली नाही.

२९ मार्च
डॉक्टरांना लिहिलं: तपासायला मी येऊ? माझ्याच नावाने. उत्तर: "टाचणी फार कडक होती. जमेल तुम्हाला?"
सरावासाठी प्रोग्राम घरी घेतला. त्यात घरातली सगळी पुस्तकं भरली – माझी अभ्यासाची, आणि बाबांचं एकुलतं एक, '१०१ गळ्यांचे नमुने'.

३१ मार्च
बाबांचं पुस्तक सापडत नाही! माझ्या मांडीवर आहे, आणि प्रोग्राम म्हणतो, असं पुस्तक नाही. आकड्याने सुरू होणारं कुठलंच नाव त्याला दिसत नाही. पहिल्यापासून. तक्रार कोण करणार – वाचक 'नसेल' म्हणून घरी जातो. चष्मे दोन, पण डोळे तेच ना.
डॉक्टरांना लिहिलं: "इथे घाई झालीय."
उत्तर आलं: "तुमचं बरोबर, बदलतो." त्याखाली आणखी एक ओळ होती – टाचणीने आपलं खातं बंद केलं आहे.