यंदा होळी कोणी लावली

पळसदरी, ता. कर्जत
२७ मार्च १९५९

तीर्थस्वरूप धाकलूदादास,

धाकट्या बहिणीचा दंडवत. तू आणि वहिनी मुंबईत सुखात असाल असं धरून चालते. आईचा खोकला बसला. तांबडी गाय व्याली, पाडी झाली. हिरूच्या लेकीला नेरळला दिलं.

आता होळीचं सांगते. खोती जाऊन इतकी वर्षं झाली, तरी होळी पेटवायचा मान खोतसाहेबांचाच होता, हे तुला ठाऊक आहे. यंदा त्यांनी मुंबईहून निरोप धाडला, मी येत नाही, तुमचं तुम्ही बघा. झालं. जन्मभर ज्यांनी मान वर केली नाही, त्या सगळ्यांना एकदम मान पाहिजे झाला. नामा म्हणाला, "सरपंच मी हाय." पोशा म्हणाला, "वय माझं मोठं हाय." तीन आळ्यांनी तीन होळ्या रचल्या. ढोल मात्र गावात एकच. ढोलवाला चांगो रुसून घरी बसला. "आधी एक व्हा, मग बोलवा," म्हणाला. शेवटी आम्ही बायकांनीच लाकडं ओढून देवळापुढं एक होळी केली.

दिवेलागण झाली तरी ती लावायची कोणी ते ठरेना. तेवढ्यात स्टेशनाकडून बैलगाडी आली आणि खोतसाहेब उतरले. मुंबईत त्यांना करमलं नसावं. तुला हसू येईल, पण अख्खं गाव उठून उभं राहिलं. नामानं चपला काढल्या आणि धावत जाऊन घोंगडी अंथरली. साहेबांनी सवयीनं हात पुढं केला.

पेटत्या गवताची चूड दरवर्षीसारखी बाच्या हातात होती.

दादा, तुला लिहिताना मी बाचं नाव काढत नाही. कमरेत वाकून साहेबांना चूड देताना तू त्याला बघितलंस, "याच्या पाठीला कणा नाय" म्हणालास आणि गाव सोडलंस. आईनं आणि मी ते ऐकलं होतं. बानंही.

बानं चूड दिली नाही. म्हणाला, "साहेब, आलात, बरं झालं. उभं र्‍हावा आमच्यासंगं. यंदा मी लावतो."

साहेबांनी पुढं केलेला हात मागं घेतला. बा ताठ चालत गेला आणि त्यानं होळी लावली. मग रुसून बसलेल्या चांगोचा ढोल वाजला. जरा वेळानं साहेबांनी आपला नारळ आगीत टाकला आणि सगळ्यांबरोबर बोंबही ठोकली. खोताला बोंब मारताना गावानं पहिल्यांदा बघितलं.

आता तिन्ही आळ्या बावरून भांडतात, कोंडाजी आमचाच म्हणून. मी घरी विचारलं, "बा, भीती नाय वाटली?"

"वाटली गं. पर हात पुढं जाईना."

"दादाला कळवू?"

त्यानं गायीला गवत घातलं. मग म्हणाला, "लिव. पर ये म्हनू नको. त्याला वाटंल तवा येईल."

म्हणून मी ये असं लिहीत नाही.

कोंडाजीची लेक,
सुंदरा