बाथरूममधली दांडी

४ जून
आजही रिकाम्या बाथरूमचं दार वाजवूनच आत गेले. आई आत असेल म्हणून! मेलं हे डोकं— ती जाऊन वर्ष होत आलं. टाइल्सवर तिच्या आधाराच्या दांडीची भोकं अजून तशीच, डोळे वटारून बघतात.

परवा बाबा तिथंच घसरता घसरता वाचले. नवी दांडी बसवायलाच हवी. त्यांचा एकच हेका— "दांडी नको."

५ जून
अॅल्युमिनियमवाल्याकडे गेले. "ताई, ६०६१ ग्रेडचा पाइप घ्या. एकदम कडक माल." बाबांनी घरी केलेली आईची दांडी त्याचीच होती. बाबा सगळ्यांना हेच सांगतात— "ग्रेड निवडताना चुकलो. कडक पाइप न तापवता गारच वाकवला, वाकवल्या जागी चीर गेली. तिनं धरली आणि तुटली, ती पडली ती गेलीच." मामानं तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलंय. मीही काय वेगळी! जेवायला वाढते, तोंडाकडे बघत नाही.

६०६३ घेतला. मऊ, मुकाट वाकणारा.

६ जून
मागच्या खोलीत, बाबांच्याच टेबलावर काम; पाइप आवळून धरायचा व्हाइसही त्यांचाच. पाइपला साबण चोळला, बर्नर फिरवायला लागले. बाबा काठी टेकत दारात आले. "साबण काळा पडला की थांब. हे लाल होत नाही गं. काही कळू देत नाही, एकदम वितळून बसतं." वर्षभरात एवढं बोलले नव्हते!

वळण झकास आलं. बघणाऱ्याला वाटेल बाबांनीच केलंय. त्याचाच राग आला.

८ जून
स्क्रूच्या मापासाठी जुनी दांडी माळ्यावरून काढली. बाबांनी फेकून का दिली नाही, देव जाणे.

चीर कुठाय? दोन्ही वळणं धड! बोट फिरवलं, भिंग लावलं— एक रेघ नाही. तुटलीय ती मधोमध, सरळ भागात. आणि तुटल्या जागेजवळ दोन्ही बाजूंनी व्हाइसच्या दातांचे ठसे. व्हाइसमध्ये आवळून, मागेपुढे वाकवून वाकवून मोडलीय कुणीतरी.

कुणीतरी काय! या घरात तेव्हा व्हाइसला हात लावणारे बाबाच. धड दांडी मोडली आणि दोष स्वतःवर घेतला? का? विचारायला तोंड उघडलं आणि चहा करून आले.

९ जून
दांडी बसवली. लोंबकळून पाहिलं. हलत नाही.

१० जून
बाबांना आंघोळीला नेलं. पाय सरकला. दांडी हाताशी होती— त्यांनी माझं मनगट धरलं. "अहो बाबा, दांडी धरा ना!" तर म्हणाले, "तिनंही दांडी सोडून मलाच धरलं होतं. मीही पडेन म्हणून मी हात झटकला."

मनगट त्यांच्या मुठीतच होतं. मी झटकलं नाही. पण झटकावंसं वाटलं— फार वाटलं.