टॉवेलाखालची बोटं

३ जाने., शनि.
बसला एकदाचा कॉम्प्युटर. कॉलेजच्या लॅबमधून बाद झालेला, नवीन काही टाकलं की मान टाकायचा. लिनक्स ही फुकटची हलकी सिस्टिम टाकली तर गडी पळायला लागला. नानांच्या पलंगाशेजारी, खिडकीखाली टेबल लावलं. डॉक्टर म्हणाले होते, डाव्या हाताला सारखं काम द्या, उजव्याचं पुढं बघू. दिवाळीतल्या झटक्यापासून माझ्या बापाचा उजवा हात मांडीवर पडून आहे आणि तोंडातून नुसतं अं... अं. डाव्या हातात पेन दिलं तर रेघोट्या.

पेंग्विनचा गेम लावून दिला. बर्फावरून पोटावर घसरायचं, मासे गोळा करायचे. पहिल्याच वळणाला पेंग्विन झाडावर आपटला. नाना हसले! आवाज करून. मी कॉलेजात असते तेव्हा शकीलाआपा नानांजवळ असतात. त्या पोळी तव्यावर टाकून पळत आल्या. "क्या हुआ जी?" काय सांगणार. आम्ही पण हसत सुटलो. पोळी करपली.

संध्याकाळी पुण्याहून राजूचा फोन. त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी केंद्र आहे, नर्स, व्यायाम, सगळं. २५ ला गाडी घेऊन येतो म्हणाला. मी विचारलं, नानांना विचारलंस? "ताई, त्यांना काय विचारायचं? त्यांना कुठं काय कळतंय आता." धाकटा भाऊ आहे माझा, मनानं वाईट नाय. पण मी फोन कट केला.

६ जाने., मंगळ.
आज कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग चालू केलं. कोणत्या बटणावर कोणतं अक्षर, ती पद्धत यादीतून निवडायची फक्त. लॅबमध्ये पोरांना शिकवते तीच पद्धत निवडली, सगळीकडं तीच चालते. माझा विचार असा की नाना चाळीस वर्षं कचेरीत टाइपिस्ट होते, बोलता येत नाही तर टाइप तरी करतील. दोन शब्द. बास. मग राजूला दाखवते कळतं का नाय ते.

"नाना, लिहा काही पण." डावा हात वर आला. त्यानंच उजव्याची मूठ उचलून शिफ्टच्या बटणावर टेकवली. खाड खाड खाड.

पडद्यावर : तौठकाक.

खाली परत तौठकाक. मग अर्धं पान असलंच. नानांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि टेबलावर हात आपटला. चहा सांडला. मी म्हटलं असू द्या, असू द्या. आत जाऊन ओट्याशी रडले.

९ जाने., शुक्र.
डॉक्टरांना पान दाखवलं. म्हणाले, अक्षरांची जागा मेंदूतून गेली असेल, नक्की सांगता येत नाही. नाना समोर बसलेले. त्यांच्यासमोरच बोललो आम्ही, टेबलखुर्चीसमोर बोलावं तसं. रिक्षात लई लाज वाटली मला.

राजूला फोटो पाठवला. उत्तर : "बघ ताई."

कॉम्प्युटरवर चादर टाकली.

१४ जाने., बुध.
आज नामविस्तार दिन, झटका आला नसता तर नाना विद्यापीठाच्या गेटवर असते. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, खिशात पेन. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाय. मला नि राजूला खांद्यावर, मग बोटाला धरून, मग आम्ही आपापले मागं मागं.

शेजारच्या पोरांचा घोळका निळे झेंडे घेऊन खालून गेला. नाना खिडकीला तोंड लावून. मी म्हटलं, "जायचं का रिक्षानं?" मान हलली. हो म्हणून हलली का नुसतीच हलली, मला खरंच कळलं नाही. तरी नेलं. गर्दीपासून लांबच रिक्षा उभी केली. नानांनी डावा हात छातीशी नेला. हे कळणं नाय तर काय आहे? पण राजू म्हणेल, सवय आहे.

१६ जाने., शुक्र.
कॉलेजातून आले तर चादर काढलेली, नाना कॉम्प्युटरपुढं. शकीलाआपा म्हणाल्या रोज दुपारी त्यांनाच ते लागतं, इशारा करून चादर काढायला लावतात. मला सांगितलं नाही, मी रडते म्हणून.

मी म्हटलं, "आपा, काही उपयोग नाय हो. त्यांना अक्षरं कळत नाहीत."

आपा भडकल्या. "बाजी, नाना कू सब समझता. तुमकूच नै समझ रा. रोज वोइच बटन दबाते. मैं बाजू में बैठके गिनी ना. छे बटन. फिर रुकते, दरवाजे कू देखते."

पान उघडलं. खरंच. तौठकाक, तौठकाक, तौठकाक. रोज. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. ज्याला काही कळत नाही तो रोज नवीन चूक करील ना?

१८ जाने., रवि.
सकाळी नानांचा हात बघत बसले. ते बटणांकडं बघतच नव्हते. तिथं तर इंग्रजी अक्षरं आहेत, बघून करणार काय? नजर समोर, मान ताठ. मी पंधरा वर्षांची असताना स्वयंपाकघरात मला टाइपरायटर शिकवला तेव्हा माझ्या हातांवर टॉवेल टाकायचे. बोटांकडं बघायचं नाही म्हणून. बघितलं की टपली.

न्हाणीतला टॉवेल आणला आणि नानांच्या हातावर, की-बोर्डवर टाकला.

हात थांबला नाही. टॉवेलाखाली तसाच चालला. आणि नाना गालात हसले, एका बाजूनं, तेवढंच हसता येतं त्यांना. परत तौठकाक.

अगं बये. टाइपरायटर! ते टाइपरायटरवर टाइप करतायत. त्याच्यावर अक्षरांची जागा वेगळी आणि मी वेगळीच पद्धत लावून बसलेय. बोटं बरोबर, की-बोर्ड चूक. टाइपिस्टची पोरगी मी! परीक्षा पास झालेली! विसरले. सरळ विसरले आणि बापालाच वेडं ठरवून मोकळी झाले.

यादीत धुंडाळलं. टाइपरायटरची हिंदी पद्धत मिळाली. ती लावली. "नाना, परत."

त्यांनी तीच सहा बटणं दाबली.

सुषमा.

बारा दिवस ते मला हाक मारत होते. चादर टाकली मी त्यांच्यावर.

नानांच्या मांडीवर डोकं ठेवून जे काही रडले ते इथं लिहीत नाही. डोक्यावरून हात फिरवला त्यांनी. डावा.

२० जाने., मंगळ.
हिंदीच्या पद्धतीत चार-पाच बटणं मराठीची नाहीत. पण लिनक्समध्ये बटणांची ही फाइल उघडी असते. कोण्या अनोळखी माणसानं केलेली, आपण उघडायची, बदलायची. मी बदलते, नाना दाबून बघतात, मान हलवतात : नाही. परत. 'ळ' साठी तीनदा टोकलं. तिसऱ्यांदा कपाळाला हात लावला त्यांनी. कचेरीतही असाच लावत असतील, साहेबांची पाठ वळली की.

वरून शब्द पडतात, जमिनीवर पडायच्या आत टाइप करायचे, तो गेमही लावला. शब्दांची यादी मीच भरली : टपाल, जावक, रजा, तलाठी, पैठण, लासूर. नाना एका हातानं २१, मी दोन हातांनी, माझी लॅबची पद्धत लावून, १७. आपांना निकाल सांगितला तर म्हणाल्या, "शरम करो बाजी."

राजूला अजून कळवलं नाही. म्हटलं नानांनीच टाइप करून सांगावं, 'मी नाही जाणार.' त्यांच्या शब्दात. मग बघू कोण नेतंय.

२२ जाने., गुरु.
नानांनी दुपारभर बसून टाइप केलं, आपांना जवळ येऊ दिलं नाही. मी आले तर पडद्याकडं बोट.

प्रति,
सुषमा.
विषय : पुण्यास जाण्यास हरकत नसलेबाबत.
उपरोक्त विषयी सादर की, तू नोकरी करून माझे सर्व करतेस. तुझी झोप होत नाही. तू वाळली आहेस. सबब मला राजूकडे पाठविण्यात यावे. सोबत हे यंत्र व पेंग्विन देण्यात यावा. शकीलाबाईंस कळविणे.
कळावे.

खाली नाव. नावाखाली नेहमीसारखी सहीची जागा सोडलेली.

मी ओरडले. ओरडले मी नानांवर! म्हटलं, यासाठी का मी बटणं बदलत बसले? माझी झोप माझं बघून घेईन मी! नाना मान ताठ करून बसलेले. कचेरीत लोक टेबलावर हात आपटायचे तेव्हा असेच बसत असणार. ओरडून झाल्यावर मीच पाणी आणून दिलं त्यांना.

२३ जाने., शुक्र.
आपांना अर्ज वाचून दाखवला. पदर डोळ्याला. मग म्हणाल्या, "मेरा नाम बी डाले?"

सकाळी कॉलेजात जाताना एक-एक बटण शोधून अर्जाखाली टाइप करून गेले :
शेरा : अर्ज फेटाळला.

आले तर खाली नानांची ओळ :
कारण नमूद नाही.

आगाऊ म्हातारा! हसू पण आलं. पण कारण काय लिहू? बसले तासभर. नानांना इथं बरं वाटतं म्हणून? ते तर जातो म्हणतायत. तिथं नर्स आहे, व्यायाम आहे. इथं मी नि आपा. मग मला काय पाहिजे? घरी आल्यावर कुणीतरी दरवाज्याकडं बघत असावं, एवढंच? हे कसं लिहायचं. शेऱ्यात असलं बसत नाही.

नाही लिहिलं.

२५ जाने., रवि.
राजू ११ ला आला. नानांच्या पाया पडला आणि सवयीनं माझ्याकडं वळून बोलायला लागला, "औषधं कोणती चालू आहेत त्यांची?" मी म्हटलं, समोर बसलेत, त्यांना विचार. आणि पान उघडून दिलं.

वाचलं त्यानं. उभ्यानं, मग बसून. "हे तू टाइप केलंस ना, ताई?" मी टॉवेल दिला त्याच्या हातात. म्हटलं, टाक. घाबरत टाकला. टॉवेलाखालून खाड खाड.

राजू. जेवलास का.

राजू गॅलरीत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोळे लाल. खुर्ची ओढून नानांच्या समोर बसला, माझ्याकडं पाठ करून. "नाना, तुम्ही सांगा. काय करायचं?"

नानांनी डाव्या हातानं की-बोर्ड सरकवला. माझ्याकडं. पडद्यावर त्यांची कालपरवाची ओळ तशीच : कारण नमूद नाही. तिच्यावर बोट ठेवलं.

मी बसले. ही मांडणी आता माझ्या बोटांना येत नाही, पंधराव्या वर्षाचं कोणाला आठवतं? शोधत बसले, मान खाली. तर हातांवर टॉवेल पडला. नानांनी टाकला. आणि टपली.

न बघता टाइप केलं. 'मला तुम्ही' एवढं बरोबर आलं. पुढचं सगळं चुकलं. नाना एक-एक अक्षर खोडतायत, मी परत टाइप करतेय. मधेच पाणी प्यायला उठले ते हे लिहून घेतलं. राजू म्हणतो, होऊ दे ताई, मला घाई नाही. गाडी खाली उभी आहे. डिकी अजून उघडलेली नाही.