राजपुत्र अजून उशाशीच बसला आहे

चि. गुंड्यास,

आत्याचे अनेक आशीर्वाद. तू नोकरीच्या गावी खुशाल असशील. नसलास तरी फोनवर मजेत आहे म्हणशील, बापावर गेला आहेस. माझे गुडघे कुरकुरतात, पण कामावर आहेत.

पत्रास कारण, तू जाताना टीव्हीपाशी टाकून गेलेला तो व्हिडिओ गेम. (कपाटात जागा होती. असो.) महिन्यापूर्वी मी तो लावला आणि त्यातल्या राजपुत्राशी माझे बिनसले. राज्यावर शत्रू चालून आलेला, म्हातारा राजा अंथरुणावर खोकतो आहे, आणि पडद्यावर हुकूम येतो की डोंगरात जा, तलवार आण. गेले. तलवार घेऊन परत येते तो राजा आटोपलेला. दरबारी माना खाली घालून उभे आणि हा शहाणा मधोमध तलवार उंच धरून. पस्तीस वर्षे मी वॉर्डात नर्स होते. भेटीची वेळ टळल्यावर फळांची पिशवी घेऊन धावत येणारे असे पुष्कळ मुलगे मी पाहिले आहेत.

दुसऱ्या डावात शोध लागला की राजपुत्र राजवाड्याचा उंबरा ओलांडतो तेव्हाच राजा मरतो. आत बसला तर नुसता खोकतो. म्हणून आज सव्वीस दिवस मी त्याला उशाशी बसवून ठेवले आहे. एक बटण दाबले की तो बापाला पाणी पाजतो. सेनापती सारखा येऊन राज्यनिष्ठेवर भाषण ठोकतो (स्वतः जागचा हलत नाही). कोठार जळाले, पूल पडला, अर्धे राज्य गेले. राजाची तब्येत स्थिर आहे.

बाकी कळवण्यासारखे काही नाही. तुझे बाबा मजेत.

तुझी आत्या

ता. क. : मजेत म्हणजे, दीड महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडला. खुब्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणतात, आता उठून चालला नाही तर कायमचा बसेल. हा उठत नाही आणि मला एकटीला उचलवत नाही. तुला कळवायचे नाही अशी ताकीद आहे, म्हणून मी फक्त राजाबद्दल लिहिले.

आणखी एक : रविवारपर्यंत ये. फळे आणू नकोस.

शेवटचे : मला त्या बटणांतले ओ की ठो कळत नाही. बाबाचा पलंग टीव्हीसमोर आणला आहे. वर जिथे मी खेळले असे आहे, तिथे तुझे बाबा असे वाचावे. मते माझी, बोटे त्याची. काल मी विचारले, त्या पोराला किती दिवस अडकवून ठेवणार? तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "आलाय ना जवळ. बसू दे जरा."