तुझ्या अंगात कोणी नव्हतं

प्रिय शेवंता,

एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. गरजच काय होती? तू बार्शीटाकळीला माहेरी गेलीस तरी तिसऱ्या दिवशी अकोटच्या स्टँडवर उतरलेली असायचीस. म्हणायचीस, "तुमचा काई भरोसा नाई, गॅस चालू ठेवून बाहेर जासान." सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी. चुका होतील, हसू नकोस.

आज अविधवा नवमी होती. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच केली. मागच्या वर्षी तुझं वर्ष भरलं नव्हतं म्हणून केली नाही. आज तुझ्या नावानं सवाष्ण जेवायची होती, आणि कालपर्यंत गल्लीतली एकही बाई यायला तयार नव्हती! कारण कोण? मी. म्हणून लिहायला बसलो आहे.

आपली मीना आठ दिवसांपासून बायकांना विचारत होती. एकीचं पोट दुखत होतं. दुसरीला अकोल्याला जायचं होतं. तिसरी, ती पाण्याच्या टाकीजवळची लता, तोंडावरच बोलली, "मीना, राग नोको येऊ देऊ. पन तुया सासूच्या अंगात कोनीतरी होतं. तिच्या नावाचं जेवलं आन थे माया मांगं लागलं तं?"

मीना घरी येऊन रडली. सून रडली गं तुझ्यासाठी! दिलीप म्हणाला, "बाबा, जाऊ द्या. देवळात शिधा देऊन टाकू." मी नाही म्हटलं. एवढ्या मोठ्यानं म्हटलं की मलाच खोकला आला.

तुला ती संध्याकाळ आठवत नसेल. मीच सांगतो. आपल्या गल्लीतली सिंधूवयनी नेहमीसारखी कढीची वाटी घेऊन आली होती. दिवेलागणीची वेळ. तू पितळी गिलास उचललास आणि तिच्या कपाळावर फेकलास. आणि काय ते शब्द! तसे शब्द मी फक्त कामावर, कापसाच्या जिनिंगमध्ये, हमालांच्या भांडणात ऐकले होते. वयनीच्या कपाळातून रक्त डोळ्यांत उतरलं. गल्ली जमा झाली. सगळे माझ्याकडे पाहून राहिले. मी शरमेनं बोलून गेलो, "हे शेवंता नाई बोलत. तिच्या अंगात कोनी दुसरंच बोलून राहिलं."

मला वाटलं, मी तुझं नाव राखलं. शिव्या भुताच्या, तू वेगळी. काय हुशार माणूस मी!

मग तुझी धाकटी बहीण एका बाबाचा पत्ता घेऊन आली. त्यानं तुझ्या दंडाला काळा दोरा बांधला, मिरच्यांचा धूर केला. तू खोकत होतीस, दोन्ही हातांनी धूर ढकलत होतीस. तो म्हणाला, "पाहा, निघून राहिलं." आणि मी मान डोलावली! त्यानंतर आठ दिवस तू कोणाला जवळ येऊ दिलं नाहीस. माझा सदरा फाडलास. मीनाच्या हाताला चावलीस. एकदा मी तुझे हात लुगड्याच्या पट्टीनं खाटेला बांधले. एकदा मारलंही. ते मी दिलीपला आजवर सांगितलेलं नाही. तुला सांगतो.

शेवटी तुला अमरावतीला नेलं. तिथली डॉक्टरीण आपल्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं आधी तुझी लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट पाहून म्हणाली, "बाबा, यांना लघवीला खूप आग होते आहे. सांगता येत नाही, म्हणून त्या हात उगारतात."

आठ दिवस, शेवंता! तुझी खालून आग होत होती आणि मी तुझ्या तोंडावर धूर घालत होतो. त्याची माफी असते का? मी मागतही नाही.

मग तिनं मेंदूचा फोटो उजेडावर धरला. पुढचा भाग सुकत चालला होता. तो भाग माणसाला आवरतो म्हणे. राग आला तरी हात उचलू देत नाही, शिवी ओठावर आली तरी गिळायला लावतो. आठवणींची जागाही आक्रसली होती, म्हणून ओळखीचा चेहरा ओळखीचा वाटत नाही. आणि आत भीती दाखवणारा एक भाग असतो. तो साधी सावली पडली तरी धोका म्हणून ओरडतो. संध्याकाळी थकलेल्या मेंदूला ते जास्त होतं.

मला फोटोतलं काय कळणार? पण जिनिंगमधला भोंगा मला कळतो. रुईला आग लागली की भोंगा. कधी चुकून वाजला तर आम्ही सगळे बाहेर पळायचो, आणि मुकादम येऊन सांगायचा, काही नाही, चला कामावर. मी विचारलं, "म्हंजे हिचा भोंगा उगाच वाजते, आन मुकादम कामावर नाई?" पोरगी हसली. म्हणाली, "अगदी तसंच, बाबा. त्या रागावत नाहीत. त्या घाबरतात."

तोवर मी काय करत होतो? तू रोज संध्याकाळी म्हणायचीस, "मले घरी जाऊ द्या, माय वाट पाहून राहिली." मी रोज सांगायचो, "तुई माय मरून तीस वर्सं झाले." रोज तुला तुझ्या आईच्या मरणाची बातमी नव्यानं देत होतो! आणि तू रोज नव्यानं रडायचीस. डॉक्टरीण भेटल्यावर मी वाद सोडला. "चाल, जाऊ," म्हणायचो. दोघं वळणापर्यंत जायचो. तिथं तू दमायचीस आणि म्हणायचीस, "आता घरी चाला ना." काही दिवस जमलं. काही दिवस नाही जमलं. त्या दिवशी तुझा मार खाल्ला.

पण गल्लीला मी खरं सांगितलं नाही. भूत एकदाचं निघून जातं. मेंदूचा आजार म्हटलं की लोक वेडी, बयताड म्हणतात, आणि मग नातीच्या लग्नात विचारतील, घराण्यात आहे का म्हणून. मी भित्रा. तू भीत होतीस ते आजारानं. मी कशानं?

काल सकाळी सिंधूवयनीकडे गेलो. वाटेत दोनदा परत फिरलो, कडी लावली की नाही पाहायला. ती ओट्यावर गवार मोडत होती.

"वयनी, उद्या शेवंताची नवमी हाय. सवाष्न म्हनून तुमी या."

ती मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, माया कपाळावर अजून वण हाय."

"माहीत हाय. पन तिच्या अंगात कोनी नव्हतं. मी खोटं बोललो होतो."

आता तिनं पाहिलं. "म्हंजे थ्या शिव्या तिच्याच होत्या?"

शेवंता, मी तिच्या ओट्याच्या पायरीवर बसलो. आणि बोललो. "तोंड तिचंच होतं, वयनी. डोक्याले आजार होता. तुमी दारात उभ्या, मांगून उजेड, तुमचा चेहरा अंधारात. तिले वाटलं, कोनी मारायले आलं."

तिनं हातातली गवारीची शेंग खाली ठेवली.

"म्हंजे थे मले भेली होती?"

"हो."

"मले? चाळीस वर्सं येनं-जानं, आन मले भेली!" तिनं पदर डोळ्यांना लावला. आणि मग माझ्यावरच उसळली. "बयताड तं तुमी हा, भाऊजी! थे जिती असताना दोन वर्सं मी तिच्या दारावरून गेली नाई. वरच्या गल्लीनं फिरून जाऊ. मले काहून नाई सांगतलं? मी उजेडात उभी राहून, आवाज देऊन आली असती ना!"

आतून तिचा नवरा ओरडला, "काय झालं वं?"

"काई नाई! मेंढे भाऊजी शहाने झाले, उशिरानं!"

आज ती आली. नवं लुगडं नेसून, भर दुपारी, गल्लीच्या मधून. मीनानं तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, खीर-वडे वाढले. मी समोर बसलो होतो. लता दारातून डोकावत होती, तर वयनी पाटावरूनच ओरडली, "पाह्य वं लता, मले काई लागलं का? लागला तं फक्त ठसका. वड्यात मिरच्या जास्त हाय!" मीना हसली. कितीतरी दिवसांनी हसली. ओटी घेऊन जाताना वयनी तुझ्या फोटोसमोर थांबली. मोठ्यानं म्हणाली, "शेवंता, मी सिंधू." आणि गेली.

दिवाळीनंतर नातीला पाहायला पाहुणे येणार आहेत. दिलीप म्हणतो, आईचं काही काढू नका. काढणार! आजाराचं नाव घेऊन सांगणार. ज्यांना उठून जायचं असेल त्यांनी खुशाल जावं. आणि गेल्या आठवड्यात स्टँडवर मला दहा मिनिटं कळेना की घराकडचा रस्ता कोणता. वय असेल, किंवा तेच असेल. पण दिलीपला सांगून ठेवलं आहे: मी उद्या कोणाला मारलं तर दोरा आणायचा नाही. आधी विचारायचं, बुढ्याचं काय दुखते, बुढा कशाला भ्याला.

तुला मात्र एक वचन देतो. ते भूत मी या गल्लीत सोडलं, मीच परत घेणार. एकेक घर करून. मोठ्यानं, ओट्यावर उभं राहून. आज संध्याकाळपर्यंत सहा घरं झाली. एकानं चहा दिला, एकानं टीव्हीचा आवाज वाढवला. लतानं दार लावून घेतलं. उद्या सकाळी पुन्हा तिच्याचकडे जाणार आहे. नाही उघडलं तर ओट्यावर बसून राहीन. रिटायर माणूस आहे, मला कुठं जायचं आहे?

तुझा,
महादेव