हत्तीखाना, द्राक्षमळा आणि हे

२ फेब्रु., रवि.

सकाळी प्राचीचा फोन. हे शुक्रवारी येतायत. चार-पाच दिवस. वर लेकीची सूचना, "आई, बाबांना जास्त ठेवून घेऊ नको हं. ईशानचं अवघड होतं."

ठेवून घेऊ नको! नवरा माझा.

दीड वर्ष झालं. तिची बाळंतपणाची रजा संपली, माझ्या नोकरीची काही वर्षं बाकी, आणि हे शाळेतून रिटायर होऊन घरी पेपर वाचत बसलेले. मग हेच गेले पुण्याला नातू सांभाळायला. शेजारच्या काकू अजून हसतात, "सगळ्यांच्या घरच्या बाया जातात, तुमच्या घरचा गडी गेला." मीही हसते. पहिले काही महिने खरंच हसू यायचं.

५ फेब्रु., बुध.

मॉर्निंग ड्यूटी. वॉर्ड भरलेला. दोघी खाली गाद्यांवर.

ओपीडीत संगीता भेटली. दिवाळीत तिची सासू आमच्या वॉर्डात होती, तेव्हापासून ओळख. युसूफ वडगावजवळ त्यांचा द्राक्षाचा मळा आहे. आता नवरा-बायको मिळून वाईन करायला लागलेत.

"सिस्टर, या की एकदा चव घ्यायला."

"अगं, लिव्हरचे पेशंट बघण्यात जन्म गेला माझा."

"घोटभर घ्यायची, बादलीभर न्हाई!"

तेव्हा हसण्यावारी नेलं. घरी येताना मात्र तेच डोक्यात. रविवारी ऑफ आहे. सकाळी हत्तीखान्याची लेणी, बाराखांबीचं पडकं देऊळ, मग तिच्या मळ्यावर. इतकी वर्षं अंबाजोगाईत काढली, पण आमचं दोघांचं फिरणं म्हणजे देवीचं दर्शन नाहीतर कुणाचं लग्न.

आणि मला त्यांना एक विचारायचंय. घरात नाही विचारता येत. घरात त्यांच्या हातात फोन असतो आणि फोनमध्ये ईशान.

७ फेब्रु., शुक्र.

आले. वाळलेत. पायात पांढरे बूट, लेकीनं घेतलेले. बरे दिसतात.

स्वयंपाकघरात गेले आणि विचारतात, "चहाची पावडर कुठं ठेवलीस?" मी डबा खालच्या फळीवर आणून किती महिने झाले. त्यांना कसं माहीत असणार. तरी लागलं मनाला. पाहुण्यासारखे उभे होते ओट्यापाशी.

दुपारी जेवून लवंडले. ईशानची झोपायची वेळ ती. झोपेत उशी थोपटत होते. हळू, एका लयीत. मी दारात उभी राहून बघत राहिले. भांडी तशीच.

रविवारचं सांगितलं. "वाईन? तू?" म्हणून मोठ्यानं हसले. चाळीस वर्षांची असल्यासारखं वाटलं मला.

९ फेब्रु., रवि.

सगळं लिहायचंय. जमेल तेवढं.

सलीमभाईंची गाडी सांगितली होती. गॅरेज त्यांचं, पण रविवारी ओळखीच्यांना स्वतः फिरवून आणतात. ह्यांना बघून गाडीतून उतरले, "गुरुजी! गावात हाव का न्हाई कळंना झालतं. पोरगं विचारायलं, चित्रकलेचे सर कुठं गेले." ह्यांचा चेहरा उजळला.

हत्तीखान्यात कुणीच नव्हतं. ऊन अजून कोवळं. मधल्या चौकात हिरवट पाणी साचलेलं. दगडी हत्ती तसेच, झिजलेले, सोंडा तुटलेल्या, तरी अंगानं भरलेले. हे एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत होते, शाळेतल्या पोरांना शाबासकी दिल्यासारखा. म्हणाले, "एकच खडक कोरत खाली खाली गेलेत, सुनंदा. चुकलं तर खोडायला जागा न्हाई." लग्नानंतर आलतो तेव्हा हे इथं चित्र काढत बसले होते आणि मी कंटाळून खडे मारत होते पाण्यात. आज कंटाळा आला नाही. आज वाटलं, बसावं इथंच दिवसभर.

तेवढ्यात फोन. ईशान.

"आबा! आबा कुठंय?"

"हे बघ बाळा, हत्ती! केवढा मोठ्ठा!"

मग फोन घेऊन एकेका हत्तीभोवती फिरले. हा बाबा हत्ती, हा काका हत्ती. आवाज निराळाच, असा आवाज मी प्राचीच्या लहानपणीही ऐकला नव्हता त्यांचा. मी नंदीच्या मंडपात पाण्याची बाटली धरून उभी. दोन वर्षांच्या लेकराचा हेवा वाटला. माझाच नातू. लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही.

बाराखांबीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मातीतून निघालेले दगड मांडून ठेवलेत. नक्षीचे तुकडे, कुणाचा हात, कुणाचा मुकुट. हे वाकून वाकून बघत होते. एका मूर्तीपाशी थांबले, कमरेखालचीच शिल्लक, साडीच्या निऱ्या अजून नीट.

"हिचं वरचं अंग कुठं असंल?"

"असंल की इथंच. अजून मातीत."

"न्हाईतर कुणाच्या तरी भिंतीत."

उंच जोत्यावरून उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. उतरल्यावर काढला नाही. खांबांच्या सावलीतून आम्ही तसेच चाललो. समोरून वॉचमन आला तेव्हा काढला. मला वॉचमनचा इतका राग आला!

मग मळा. केजच्या रस्त्यानं निघून आत वळलो. दोन्हीकडं ज्वारी, हरभरा, आणि मधेच एकदम हिरव्यागार ओळी. घड लटकलेले. संगीता डोक्यावरचा पदर सावरत पुढं आली. पत्र्याचं शेड, आत स्टीलच्या मोठ्या टाक्या. आत शिरल्यावर आंबूस गोड वास. टेबलावर काचेचे पेले लखलखीत पुसून ठेवलेले. आमच्यासाठी घरातल्या लग्नासारखी तयारी.

सलीमभाई दारातूनच माघारी वळले. "मला द्राक्षं चालतील. त्याच्या पुढचं तुमी बघा." लिंबाखाली खाटेवर बसून ताटभर द्राक्षं खाल्ली त्यांनी.

संगीता शिकवत होती. आधी पेला हलवायचा. मग वास. मग घोट, पण लगेच गिळायचा नाही, जिभेवर थांबू द्यायचा. पांढरी आधी. मला आंबट पाण्यासारखी लागली. मग लाल. तोंडात एकदम सगळं आवळून आलं, जांभळं खाल्ल्यासारखं, मग हळूहळू काहीतरी गोड मागं राहिलं. हे म्हणाले, "काढा हाय. पण चांगला काढा." संगीताचा नवरा हसून हसून बेजार. "गुरुजी, दोन वर्षं लावली ह्या काढ्याला!"

मी दुसरा घोट मागितला. हे बघतच राहिले. डोक्यात हलकं ऊन पडल्यासारखं झालं होतं. ठरवलं, आता विचारायचं.

संगीता भाकरीचं बघायला गेली. आम्ही वेलींच्या ओळीतून चालत निघालो. मी तोंड उघडणार, तर हेच बोलले.

"सुनंदा, तू व्हीआरएस घे."

मी थांबले.

"पुण्याला ये. प्राचीच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होणार हाय. आपण दोघं राहू. मला तिकडं... संध्याकाळी लेकरू आईकडं गेलं की मला काय करावं सुचत न्हाई. खाली बाकावर जाऊन बसतो. तुझी ड्यूटी कुठली असंल, जेवली असशील का, हेच."

दीड वर्षात फोनवर एकदाही म्हणाले नाहीत हे. फोनवर फक्त दात आला, ताप गेला.

म्हणाले, "बोल की."

"मी उलटंच विचारायला आणलतं तुमाला हितं. तुमी या परत."

"आन् ईशान?"

"पाळणाघर असतंय की. सगळ्यांची लेकरं राहतात."

हे वेलीकडं वळले. एक पान खुडलं, उगीच घडी घालत राहिले.

"तो माझ्याशिवाय जेवत न्हाई, सुनंदा."

"मी बी एकटीच जेवते."

बोलून गेले. आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या ओळीतल्या बायका काम थांबवून बघायला लागल्या.

हे खाली बसले, ढेकळावर. "रिटायर झाल्यावर हितं काय होतो मी? तू ड्यूटीवरून यायचीस, मी पेपर दुसऱ्यांदा वाचत असायचो. तिकडं सकाळी उठलो की कुणीतरी हात वर करून उभं असतंय. घे म्हणून. मी कामाचा हाय तिकडं."

मला म्हणायचं होतं, मी पण हात वर करून उभी आहे. पण छपन्नाव्या वर्षी असं म्हणता येत नाही. आणि मलाही वॉर्डात रोज कुणी ना कुणी बोलावतंच की, सिस्टर, सिस्टर. ते सोडून वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी काय करणार? हे तरी कसं सांगू त्यांना. ते बरोबर. मीही बरोबर. कुणावर चिडायचं?

"जेवायला या!" संगीता हाका मारत होती. भाकरी, भरीत, ठेचा. दोघांनीही पोटभर खाल्लं, याचं आता नवल वाटतं.

येताना वर्तमानपत्रात गुंडाळून एक बाटली दिली तिनं. नको नको म्हणताना पिशवीत घातली. गाडीत हे माझ्या खांद्यावर डोकं टेकवून झोपले. सलीमभाईंनी आरसा वर केला.

तोंडात ती चव घरी येईपर्यंत होती.

१० फेब्रु., सोम.

दुपारी हे डबा घेऊन वॉर्डात आले. एवढ्या नोकरीत पहिल्यांदा. पिठलं स्वतः केलेलं, मीठ जास्त. बाकावर बसून राहिले. अकरा नंबरच्या आजींना मी उठवून बसवत होते, त्या विचारतात, "सिस्टर, ह्ये कोण म्हणायचे?"

ह्यांनीच उत्तर दिलं, "मी ह्यांच्या घरचा."

"मग दिसत न्हाईत कदी."

हे बाकावर जरा सरकून बसले. मी सुई लावताना, औषधं वाटताना, एका पोरीला रागावताना बघत होते. वर्गात मागच्या बाकावरून बघावं तसं.

ड्यूटी संपल्यावर बरोबर चालत घरी आलो. वाटेत म्हणाले, "तुला हितून काढणं बरोबर न्हाई."

बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. म्हणजे आता ते पुन्हा विचारणार नाहीत.

११ फेब्रु., मंगळ.

बॅग भरली. ईशानसाठी शेंगदाण्याचे लाडू. ह्यांच्या दोन बंड्या मी कपाटात ठेवून घेतल्या, फाटल्यात म्हणून. फाटलेल्या नाहीत.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दोघंही इतके शहाण्यासारखे वागतोय की...

प्राचीचे तीन फोन. "बाबा निघतायत ना उद्या?"

निघतायत.

१२ फेब्रु., बुध.

ड्यूटी रूममध्ये बसून लिहितेय. डबा उघडला नाही अजून.

सकाळच्या गाडीनं गेले. मला ड्यूटी, म्हणून स्टँडवर जाता आलं नाही. घराच्या दारातच, "येतो." "पोचल्यावर फोन करा." एवढंच. कोपऱ्यावर वळताना मागं बघितलं नाही. ते कधीच बघत नाहीत. आज बघतील असं उगीच वाटलं होतं.

मग दुपारी फोन आला. वॉर्डात राउंड नुकताच संपलेला.

"आष्टीला गाडी थांबलीय."

"चहा घ्या मग."

"घेतला." मागं कंडक्टरची बेल, फेरीवाल्यांचा ओरडा. "सुनंदा, समोर एक गाडी लागलीय. अंबाजोगाईची पाटी हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकायलीस का?"

"बॅग कुठंय?"

"हातात."

तेवढ्यात सात नंबरच्या बाईनं सलाईनची सुई उपसली, रक्त चादरीवर, तिची सून किंचाळायला लागली. "अहो, एक मिनिट थांबा, एकच मिनिट," म्हणाले आणि फोन खिशात टाकला. हात धुऊन परत काढेपर्यंत कट झालेला. लावला. लागला नाही. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

तेव्हापासून तसंच.

"एक मिनिट थांबा" म्हणाले मी. त्याचा त्यांनी काय अर्थ घेतला असेल? या, असं म्हणायला किती वेळ लागतो. जा, म्हणायलाही तेवढाच. आणि तिकडं लेकरू संध्याकाळी दाराकडं बघत बसणार. जेवणार नाही. प्राची ऑफिस सोडून पळत येणार. हे मला दिसतंय, अगदी समोर. तरीसुद्धा मघापासून बाहेर कुठल्याही गाडीचा हॉर्न वाजला की मान वर होतेय. अकरा नंबरच्या आजी म्हणाल्या, "कुणी येणार हाय का, सिस्टर?"

"माहीत न्हाई, आजी."

प्राचीला फोन करावा का? नको. ती विचारेल, बाबा कुठवर आले, आणि मला सांगता येणार नाही.

ईव्हनिंगवाली आली. चार्ज दिला. ऊन उतरायला लागलंय. स्टँडवरून जाते घरी. घर दुसऱ्या बाजूला आहे, तरी. ते उतरलेच गाडीतून, तर काय बोलायचं, हेही ठरवलेलं नाही.